झोत फुलतो तेव्हा

चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या चित्रफिती नीट पाहिल्या, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. उंची वाढते तशा ज्वाळा रॉकेटच्या अंगावरून चक्क वर सरकू लागतात. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून इंजिनातून सुटलेला झोत छत्रीसारखा फुलतो. समोरून येणाऱ्या हवेला तो अडवतो आणि शेपटाजवळचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो. क्षेपणास्त्रांमध्ये तर त्यांना स्थिर ठेवणारे पंख बहुधा तिथेच असतात. प्रवाहच सुटला, की त्यांचा जोर कमी पडतो आणि तोल धोक्यात येतो.

वातबोगद्यात, म्हणजे छोट्या प्रतिकृतीवर वेगाने हवा सोडणाऱ्या बोगद्यात, हे तपासणं फार कौशल्याचं काम आहे. एरवी प्रतिकृती मागून दांड्यावर धरतात. इथे तर मागूनच झोत सुटायचा! मग अनेकदा आधार बाजूने देतात आणि त्यातूनच उच्च दाबाची हवा आत सोडतात. पण थंड हवा तापलेल्या वायूइतकी फुलत नाही. म्हणून नुसता दाब जुळवून भागत नाही. नॉझलमधून बाहेर पडताना झोत किती कोनात पसरतो, तेही जुळवावं लागतं. काही चाचण्यांत झोताच्या आकाराचा भरीव ठोकळाच मागे बसवतात. सोय मोठी, पण खरा झोत भोवतालची हवा ओढून घेतो, ते त्यात उतरत नाही.