तलाव खोल करण्याआधी
(साहाय्यकांच्या मेळाव्यातील भाषण)



भंडारा-गोंदिया भागातल्या तलावांसाठी मदत द्यायची म्हटले की आपल्या मनात एकच चित्र येते : यंत्र लावावे, गाळ उपसावा, तलाव खोल करावा. हेतू चांगला आहे. पण पैसे देण्याआधी तलाव म्हणजे काय, हे त्यावर जगणाऱ्यांकडून समजून घेऊ या.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुने तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती. कोहळी समाजाने या कामात नाव मिळवले. पुढे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. ‘माजी मालगुजारी’ म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात.

या तलावाची सुरुवात पाण्यात होत नाही, वरच्या जंगलात होते. साग, ऐन, मोह, तेंदू यांचे हे पानगळीचे जंगल. उन्हाळ्याआधी गळलेला पाला जमिनीवर कुजतो. पावसाचे पाणी त्या पाल्यातून हळू उतरते आणि खाली येताना तलावासाठी अन्न घेऊन येते. जंगल उजाड झाले की तेच पाणी माती वाहून आणते. आपण उपसतो तो गाळ बहुतेक तिथलाच असतो.

मग येतो तलावाचा उतरता काठ. हिवाळा-उन्हाळ्यात पाणी मागे सरकते, पावसात पुन्हा वर चढते. या उथळ पट्ट्यात देवधान आणि लव्हाळे उगवतात. थोडे आत, जिथे ऊन तळापर्यंत पोहोचते, तिथे पाण्याखालच्या वनस्पती वाढतात. कमळ, शिंगाडा यांची पाने वर तरंगतात. पहिल्या पावसानंतर अनेक मासे अंडी घालायला या उथळ पाण्यातच येतात. मरळ तर वनस्पतींच्या आडोशाला घरटे करते आणि पिल्लांची राखण करते. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतो, हिवाळ्यात बदके कंद-बिया शोधत येतात. गोंदियातल्या तलावांच्या आणि धानाच्या शेतांच्या आधाराने सारस अजून टिकून आहे. आणि याच साखळीत माणूसही आहे : मासे धरणारा ढिवर, मोह-तेंदू वेचणारे आणि तलावाखाली धान पिकवणारे गोंड कुटुंब.

आता यंत्र काय करते ते पाहा. काठ उभा कापला आणि तळ सगळीकडे सारखा खोल केला, की ऊन तळाला पोहोचत नाही. वनस्पती उगवत नाहीत, माशाला अंडी घालायला जागा उरत नाही. पाणी वाढते, पण तलावाची टाकी होते. त्यात काठावर बेशरम माजते. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, आपली गुरे तिला तोंड लावत नाहीत. वरून गवत्या माशाचे बीज सोडले, तर उरलीसुरली पाणवनस्पतीही तो खातो.

यावर उपाय तिथल्याच लोकांनी शोधला आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने काही तलावांवर काम केले. बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात कोरडा तळ नांगरला, आणि स्थानिक पाणवनस्पती आणून लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या मातीत धरते आणि कोणता मासा तिच्या आधाराने राहतो, हे ज्ञान ढिवरांचे होते. वनस्पती धरल्या तसे स्थानिक मासे आणि पक्षी परतू लागले.

म्हणून देणगीदारांना माझी विनंती आहे. पहिली, कामाचा आराखडा करण्याआधी गावातल्या वयस्क मच्छीमारांना आणि बायाबापड्यांना विचारा, पूर्वी या काठावर काय उगवत होते, कोणते मासे आता दिसत नाहीत. दुसरी, गाळ जरूर काढा, तो शेतात गेला तर शेताचेही भले होते. पण काठाचा उतार राखा आणि तळाचा काही भाग हात न लावता सोडा. तिसरी, यंत्राच्या तासांऐवजी माणसांच्या हातांना मजुरी द्या. बेशरम काढणे, रोपे लावणे ही कामे हातांचीच आहेत आणि उन्हाळ्यात गावाला मजुरीची गरज असते. चौथी, वरच्या जंगलाचा विचार करा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला आहे. त्या दाव्याची कागदपत्रे, नकाशे आणि तालुक्याच्या फेऱ्या यांसाठी दिलेला रुपया हासुद्धा तलावासाठीच दिलेला रुपया आहे.

कामाचा हिशेब मागाल तेव्हा किती घनमीटर गाळ निघाला एवढेच विचारू नका. पुढच्या पावसाळ्यात काठाला देवधान आले का, आणि ढिवराच्या जाळ्यात मरळ आली का, हेही विचारा.