‘कोणतं घेऊ?’ याच्या आधीचा प्रश्न

(नाकाडोंगरी येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संपादन केले आहे.)



मला बोलावलं तेव्हा ‘मोबाइल आणि आजचा तरुण’ असा विषय कळवला होता. या विषयावर तुम्ही इतकी भाषणं ऐकली असतील की आणखी एकाची भर घालायला मला संकोच वाटतो. म्हणून मी फक्त एका मोबाइलबद्दल बोलणार आहे. तो माझ्या भाच्याचा आहे.

गेल्या बकरी ईदला मी गावी आलो होतो. जेवणं झाल्यावर माझ्या आपाचा मुलगा जवळ येऊन बसला. वय वर्षं एकोणीस. मोबाइल पुढे करून म्हणाला, “मामू, तुम्ही इंजिनिअर आहात. एवढं सांगा, बजेटमध्ये यातलं चांगलं कोणतं?” मला वाटलं हेडफोन असतील, नाहीतर मोटरसायकल. पाहतो तर टेबलावर चार पिस्तुलं मांडलेली. मागे मोकळं माळरान, आणि एक अमेरिकन माणूस आपण कुकरची माहिती द्यावी तशा शांतपणे सांगतोय की यातलं दोनशे डॉलरच्या आतलं कोणतं घेण्यासारखं आहे.

मी हसलो. पण या मुलाने असे कितीतरी व्हिडिओ पाहिले होते. कोणतं पिस्तूल कितव्या गोळीला अडकतं, कोणत्याचा घोडा जड आहे, सगळं पाठ. आयुष्यात एकदाही हातात न घेतलेल्या वस्तूचं त्याचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त होतं. “तुला कशाला रे?” विचारलं तर म्हणाला, “असंच, माहिती म्हणून.”

खरं उत्तर रात्री गच्चीवर मिळालं. दुकानावर काही मुलांशी भांडण झालं होतं. “बघून घेऊ” असं म्हणून ती गेली होती. नंतर कुणीतरी याला सांगितलं होतं की ‘वस्तू’ मिळू शकते, फार महाग नाही. शेवटी तो म्हणाला, “मामू, दिवस कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.”

त्या रात्री मी त्याला जे सांगितलं आणि त्या रात्री मला जे सुचलं नाही, ते दोन्ही आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी माझ्या धंद्याबद्दल. मी एका ऑनलाइन दुकानासाठी काम करतो. तुम्ही एक वस्तू पाहिली की ‘हेही पाहा’ म्हणून खाली ज्या दहा वस्तू येतात, त्या निवडणाऱ्या प्रोग्रॅमवर आमची टीम काम करते. या प्रोग्रॅमला तुम्ही कोण, कुठले, कशाला घाबरलात, यातलं काही कळत नाही. तुम्ही कशावर थांबलात एवढंच कळतं. यूट्यूबने २०१२ साली व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून जो माणूस तुम्हाला खिळवून ठेवतो तो पुढे येतो. माझा भाचा एका रात्री भीतीपोटी एका व्हिडिओवर थांबला. प्रोग्रॅमला वाटलं याला पिस्तुलं आवडतात, आणि मग पिस्तुलांची रांगच लागली.

व्हिडिओवाल्यांना मी सरसकट खोटारडे म्हणणार नाही. काही जण प्रामाणिक असतात. स्वतःच्या पैशाने वस्तू आणतात, पाचशे गोळ्या झाडतात, किती वेळा अडकली ते मोजून सांगतात. चूक मोजणीत नाही, प्रश्नात आहे. रिव्ह्यू ‘कोणतं घेऊ’ याचं उत्तर देतो. ‘घेऊ का’ हा प्रश्न तुम्ही आधीच सोडवून आलात असं तो धरून चालतो. अमेरिकेतला प्रेक्षक दुकानात जाऊन पिस्तूल विकत घेऊ शकतो, म्हणून त्याच्यासाठी त्या व्हिडिओला निदान काही अर्थ आहे. व्हिडिओ मात्र नाकाडोंगरीलाही पोचतो. तिथला कायदा त्याच्यासोबत येत नाही.

आता स्वस्त पिस्तुलाची गोष्ट ऐका, म्हणजे ‘बजेट’ हा शब्द या वस्तूला लावला की काय होतं ते कळेल. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या छोट्या, हलक्या पिस्तुलांची आयात रोखली. मग ती देशातच बनू लागली. लॉस एंजेलिसच्या आसपास काही कंपन्या उभ्या राहिल्या. त्या पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग वापरायच्या आणि अगदी कमी किमतीत पिस्तूल विकायच्या. यातल्याच ब्रायको नावाच्या कंपनीचं एक पिस्तूल १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या एका घरात होतं. घरातल्या एका ओळखीच्या तरुणाने ते रिकामं करायला घेतलं. रिकामं करायचं, म्हणजे धोका टाळायचा. पण त्या पिस्तुलाची रचना अशी की गोळी बाहेर काढण्यासाठी आधी सेफ्टी बंद करावी लागे. गोळी सुटली. सात वर्षांच्या मुलाला लागली आणि तो मानेखाली कायमचा लुळा झाला. पिस्तूल अडकतं हा दोष झाकण्यासाठी ही रचना बदलली होती, असा दावा खटल्यात मांडला गेला. २००३ मध्ये ज्यूरीने कंपनी आणि तिच्या मालकाला जबाबदार धरलं. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. दोष दुरुस्त न करता धोक्याची सूचनाच काढून टाकणं हा प्रकार आमच्याकडेही होतो. पण आमच्याकडे स्क्रीन बंद पडते, मूल नाही. आणि विचार करा, पाचशे गोळ्या झाडणाऱ्या रिव्ह्यूवाल्याला हा दोष कधी दिसला असता का? त्याला पिस्तूल हाताळता येतं. तो मैदानावर उभा आहे आणि त्याच्यासमोर सात वर्षांचं मूल नाही.

आता आपल्याकडे या. भारतात हातातली बंदूक बाळगायची तर शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. वय किमान एकवीस. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी होते, गरज पटवून द्यावी लागते, प्रशिक्षण घ्यावं लागतं. आणि किंमत? २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्राम यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तेव्हाच त्यावर कडक टीका केली होती.

म्हणजे आपल्या देशात पिस्तुलाच्या बाबतीत ‘बजेट’ या शब्दाचा अर्थ एकच उरतो. देशी कट्टा. त्याचा रिव्ह्यू कुणी करत नाही. त्याच्या नळीची दाबाची चाचणी झालेली नसते. तो समोरच्यावर फुटेल की धरणाऱ्याच्या पंजात, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि तो नुसता बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते पाच वर्षांचा कारावास आहे. झाडायची गरज नाही. कमरेला खोचून काढलेली एक रील पोलिसांना दारात आणायला पुरते.

इथे मी आपल्या लोकांशी थोडं स्पष्ट बोलतो. आपल्या नावाच्या मुलाकडे कट्टा सापडला तर ती बातमी कशी छापली जाईल, मोहल्ल्यातल्या किती घरांकडे त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहिलं जाईल, हे सांगायची गरज नाही. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांकडे बोट दाखवणं हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण म्हणून त्या मुलाचा गुन्हा कमी होत नाही. त्याच्या अम्मीला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात त्याही कमी होत नाहीत.

“मामू, पण परवानावालं असतं तर?” भाच्याने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. आपल्याच राज्यातलं २०२४ हे एक वर्ष घ्या.

२ फेब्रुवारी. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत गोळीबार झाला. तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. पिस्तूल परवान्याचं होतं. ८ फेब्रुवारी. मुंबईत अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. पिस्तूल परवान्याचं होतं, पण गोळ्या झाडणाऱ्याच्या नावावर नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होतं. १ ऑक्टोबर. अभिनेते गोविंदा पहाटे प्रवासाला निघताना स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. ते निसटून पडलं आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. १२ ऑक्टोबर. वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली. त्यांच्यासोबत पोलीस अंगरक्षक होता. आणि पकडलेले हल्लेखोर पिस्तूल चालवायला कसे शिकले? यूट्यूबचे व्हिडिओ पाहून, असं मुंबई पोलिसांनी सांगितलं.

या चार घटनांमध्ये राग आहे, वैर आहे, चूक आहे, सुपारी आहे. जवळ बंदूक होती म्हणून एखादा जीव वाचला, अशी गोष्ट मात्र या चारांत एकही नाही.

परवाना म्हणजे गरज नीट तपासली गेली, असंही समजू नका. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा चर्चेत आला. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक. मग प्रशासनाला परवाने रद्द करत बसावं लागलं.

कुणी म्हणेल, चार घटनांवरून काय सिद्ध होतं? बरोबर आहे. म्हणून मोठा आकडा सांगतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक लोकांची नोंद बारा वर्षं तपासली आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. ज्या पुरुषांकडे स्वतःचं पिस्तूल होतं, त्यांच्यात बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या जवळपास आठपट होतं. स्त्रियांमध्ये ते पस्तीसपट होतं. २०२२ मध्ये त्याच गटाने दुसरी बाजू पाहिली. स्वतः बंदूक न घेतलेले, पण पिस्तूलवाल्याच्या घरात राहणारे लोक. त्यांचा खून होण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. म्हणजे घेतो एक जण, भोगतं घर.

रिव्ह्यूवाला पिस्तूल मोजतो. घर कुणी मोजत नाही. घरात कोण रागीट आहे, परीक्षेत नापास झालेलं कोण आहे, कर्ज कुणावर आहे, कपाट उघडायची सवय कुणाला आहे, हे त्या टेबलावर मांडता येत नाही.

आणि आपल्या भागाला हे बाहेरच्यांनी शिकवायला नको. माझे अब्बू डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणीत होते. ब्लास्टिंगच्या आधी भोंगा वाजायचा, माणसं हटवली जायची. बारूद वेगळ्या कोठारात, नोंदवहीत, शिकलेल्या माणसाच्याच हातात. कामावरची बारूद खिशात घालून घरी आणावी असं कुणाच्या मनातही यायचं नाही. आपल्याच जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला. त्यात कामगारांचे जीव गेले. जिथे नियम आहेत, प्रशिक्षण आहे, तिथेही हे घडतं. मग आपल्या पेटीत, गोधड्यांच्या खाली काय होईल?

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं ऐकून भाचा गप्प झाला, पण त्याची भीती तिथेच होती. भीती खोटी नव्हती. तिला “वेडा आहेस का” म्हणून उडवून लावलं असतं, तर तो पुन्हा मोबाइलकडेच गेला असता. तिथे त्याला निदान कुणी हसत नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. काय झालं, कधी झालं, कोण होतं, समोर कोण हजर होतं, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून काढलं. पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि तिची प्रत घेतली. ११२ नंबर आपाच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. मग गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन, त्यात एक हिंदू काका होते, आम्ही त्या मुलांच्या घरी गेलो. २००७ मध्ये सरकारने तंटामुक्त गाव मोहीम आणली, पण गावातलं भांडण गावात बसून मिटवायची रीत त्याहून जुनी आहे. चहा झाला. त्यातल्या एकाच्या वडिलांना तर भांडणाचा पत्ताच नव्हता. त्यांनी मुलाला आमच्यासमोरच झापलं. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. ती मुलं आजही दुकानावर येत नाहीत. पण रस्त्यात दिसली तर मान हलवतात. कट्ट्याने यातलं काय झालं असतं?

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं काही असेल, तर ते आज इथे सांगू नका. घरातल्या, मोहल्ल्यातल्या एका मोठ्या माणसाला सांगा. आणि इथे बसलेल्या मोठ्यांनो, मुलगा मोबाइल पुढे करून काही विचारेल तेव्हा त्याला हसू नका. मी आधी हसलो होतो. तो रात्री पुन्हा बोलला, हे माझं नशीब.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. दुकानावर कॅमेरा बसवायचा ठरलाय. “मामू, आता नुसते कॅमेऱ्यांचेच रिव्ह्यू येतात. बजेटमध्ये कोणता घेऊ?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं.