कस्तुरबांचे मनोबल

नव्या दिल्लीत कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जो रुंद रस्ता जातो, त्याला इंग्रजी अमदानीत कर्झन रोड असे नाव होते. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग म्हणून ओळखला जातो. २०१३ साली उभे राहिलेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे, राजधानीत कामानिमित्त येणाऱ्या कितीतरी मराठी माणसांच्या तोंडी हे नाव पत्ता म्हणून सहज येते. जेथे एका व्हाइसरॉयचे नाव होते तेथे ज्या स्त्रीचे नाव आले, तिला शाळेचे शिक्षण लाभले नव्हते आणि तिने कोणतेही राज्यपद भूषविले नव्हते. तिचे सामर्थ्य मनाचे होते. ते उपजत नव्हते. चारचौघींसारख्या संसारात, भांडणांतून आणि अश्रूंतून ते हळूहळू घडत गेले. म्हणूनच त्याचा विचार प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे.

मनोबल म्हटले की सामान्यतः दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक, निमूटपणे सारे सोसणाऱ्या माणसाचे. दुसरे, कोणाचेही न ऐकणाऱ्या हट्टी माणसाचे. पहिल्याच्या मनात कढ साचत जातो, दुसऱ्याभोवती माणसे उरत नाहीत. कस्तुरबांचा मार्ग या दोहोंहून निराळा होता. त्यांनी पुष्कळ सोसले, पण जे पटले नाही ते बोलून दाखविले. आणि बोलून दाखविल्यावर नाते तोडले नाही.

१८६९ साली पोरबंदरला जन्मलेल्या कस्तुरबांचे लग्न वयाच्या सुमारे तेराव्या वर्षी झाले. पतीही त्याच वयाचा, आणि संशयी. आपल्या परवानगीवाचून पत्नीने कोठे जाऊ नये, असा त्याचा हुकूम होता. कस्तुरबांनी त्यावर वाद घातला नाही. त्या पूर्वीसारख्याच देवळात आणि मैत्रिणींकडे जात राहिल्या. पुढे गांधीजींनी आत्मकथेत हे सारे लिहिताना आपली बाजू सावरण्याचा प्रयत्न केलेला नाही.

दरबानमधील १८९८ च्या सुमाराचा प्रसंग याहून कठीण होता. गांधीजींच्या घरी त्यांचे कारकून राहत. खोल्यांत मोऱ्या नसल्याने लघवीची भांडी घरच्यांना उचलावी लागत. एक कारकून अस्पृश्य मानलेल्या कुळात जन्मलेला ख्रिस्ती होता; त्याचे भांडे उचलणे कस्तुरबांच्या जिवावर आले. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी ते उचलले. पण पतीला ते हसतमुखाने उचललेले हवे होते. शब्दाने शब्द वाढला, आणि गांधीजी त्यांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढीत घेऊन गेले. त्या क्षणी कस्तुरबा रडत होत्या, पण गप्प राहिल्या नाहीत. परमुलखात आपल्याला आईबाप नाहीत, आप्त नाहीत. मग जावे कोठे, आणि नवऱ्याला याची लाज कशी वाटत नाही, असे त्यांनी तोंडावर विचारले. गांधीजी खरोखरच वरमले आणि त्यांनी फाटक लावून घेतले.

या भांडणात दोघांचेही चुकले होते. कस्तुरबांच्या मनात जातीचा विटाळ होता. गांधीजींच्या हातात तत्त्वाची जबरदस्ती होती. दुसऱ्याच्या अंतःकरणात बळाने सद्गुण घालता येत नाही, हे पतीला पुढे उमगले. अहिंसेचा धडा आपण पत्नीकडून शिकलो, असे त्यांनी नंतर सांगितले. पत्नीलाही बदलायला वेळ लागला. १९१५ साली अहमदाबादच्या आश्रमात दूदाभाई, दानीबहेन आणि त्यांची लहानगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानलेले कुटुंब राहावयास आले, तेव्हाही त्या प्रथम नाराजच होत्या. पुढे त्याच लक्ष्मीला गांधीजींनी मुलगी मानले आणि ती कस्तुरबांच्या छायेत वाढली. आपला पूर्वग्रह सोडण्यास जे बळ लागते, ते दुसऱ्याशी झुंजण्याच्या बळापेक्षा कमी प्रतीचे नव्हे.

मात्र आपले म्हणणे स्पष्ट मांडले की ते मान्य होतेच, असे नाही. १९०१ साली आफ्रिकेतून परतताना मिळालेले दागिने सार्वजनिक कार्याला द्यावेत, असे गांधीजींनी ठरविले. त्यांत पन्नास गिनींचा एक हार खास कस्तुरबांना मिळालेला होता. रात्रंदिवस घरात राबणे ही सेवा नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बिनतोड होता. दागिने तरीही गेले. घरातील कष्टांची गणती सेवेत न करण्याची ही रीत आजही पुरती गेलेली नाही. म्हणून कस्तुरबांच्या सहनशीलतेचा गौरव करताना त्यांच्या या प्रश्नावर पांघरूण घालणे न्याय्य होणार नाही.

१९१३ साली दक्षिण आफ्रिकेतील एका न्यायनिर्णयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह बेकायदा ठरले. सत्याग्रहात स्त्रियांनी उतरावे असे ठरले, तेव्हा गांधीजींनी इतर बायकांना विचारले. पत्नी आपल्या भिडेखातर होकार देईल, या भयाने तिला विचारले नाही. ते कानी पडताच कस्तुरबांनी, तुरुंगात जाण्यास आपण अपात्र का, असा जाब विचारला. तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून त्या कृश होऊन बाहेर आल्या. दरबानच्या फाटकापाशी त्यांना पतीची इच्छा लादलेली सोसवली नव्हती. येथे निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्याग तोच असला, तरी तो लादलेला आहे की आपण होऊन केलेला, यावर मनाची उभारी अवलंबून असते.

१९१७ साली चंपारणात मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन यांच्यासारख्या स्त्रिया खेड्यांत शिकवू लागल्या. कस्तुरबाही त्या कामात होत्या. तेथे मळके लुगडे नेसलेल्या एका बाईला त्यांनी स्वच्छतेविषयी विचारले. तिने आपल्या झोपडीत नेऊन दाखविले: दुसरे लुगडेच नव्हते, धुवायचे तर नेसायचे काय? उपदेश करण्यापूर्वी समोरच्याच्या घरात डोकवावे, हा पाठ तेथे मिळाला. पुष्कळशी नाती आपण प्रश्न विचारण्याआधीच निकाल देतो म्हणून बिघडतात.

एक नाते मात्र अखेरपर्यंत दुखरे राहिले. थोरला मुलगा हरिलाल व्यसनाधीन झाला होता. १९३६ साली कस्तुरबांनी त्याला लिहिलेले व्यथित पत्र वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्यात त्याच्या वर्तनाची सारवासारव नव्हती, आणि आईपणही सुटलेले नव्हते. अखेरच्या आजारात तो भेटीस आला, तेव्हाही दारूच्या अंमलात होता; आईला रडू कोसळले. मन कणखर असले म्हणजे सगळी नाती दुरुस्त होतात, असे नाही. कित्येकदा दुरुस्त न होणारे दुःख, त्याला खोटे नाव न देता, उराशी बाळगावे लागते.

ऑगस्ट १९४२ मध्ये कस्तुरबांना मुंबईत अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. १५ ऑगस्टला तेथेच महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे लुगडे त्यांना नेसविण्यात आले. चिता पुरती विझेपर्यंत गांधीजी तेथून हलले नाहीत. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेले ते साहचर्य होते. त्यात दोघांनी एकमेकांना दुखविले, शिकविले आणि बदलले.

ज्या घरात धाकट्याला थोरल्यापुढे नकार देता येतो, चुकलेल्या थोरल्याला फाटक लावून मागे फिरता येते, आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी एका पंगतीत बसता येते, त्या घरातील माणसे मनाने धट्टीकट्टी राहतात. असे घर एका दिवसात उभे राहत नाही. कस्तुरबांना आणि गांधीजींना त्यासाठी उभे आयुष्य खर्चावे लागले.