शहर वाढलं म्हणून गुन्हे वाढले?

आपल्या हिंगोलीची पोरं कामाला पुण्याला, वाळूजला जातात. खोली शोधताना ऐकतात, ‘कारखाने आले, बाहेरचे आले, की गुन्हे वाढतात.’ ऐकायला पटतं. इतिहासाला मात्र ते पटत नाही.

१८३० च्या आसपास इथे ना कारखाना होता, ना रेल्वे. तरी वाटसरूंना रुमालाच्या फासाने मारणारे ठग होते. हिंगोलीच्या छावणीत कापडाचा व्यापारी म्हणून मान असलेला माणूसच त्यांचा म्होरक्या निघाला, अशी इंग्रजांची नोंद आहे. इंग्रजांची प्रत्येक नोंद मी प्रमाण मानत नाही, हेही सांगतो. त्याच सरकारने १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का अजून गेलेला नाही.

खुद्द इंग्लंडमध्ये १८५० नंतर शहरं फुगत गेली, तेव्हा चोऱ्या आणि मारामाऱ्यांचं प्रमाण घटत गेलं.

आणि मुंबई? १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. टोळ्या आधीही होत्या, पण गिरणगावातली बेकार पोरं त्यांना मिळाली ती काम गेल्यावर.

तेव्हा कुणी आकडे तोंडावर फेकले तर विचारा, दर लाख लोकांमागे किती? वस्ती दुप्पट झाली आणि गुन्हे दीडपट, तर प्रमाण घटलं. शिवाय पोलीस ठाणी वाढली, की नोंदीही वाढतात.