दुखणे वाढीचे की व्याधीचे?

दिवसभर अंगणात हुंदडलेले सहा वर्षांचे मूल रात्री दहाच्या सुमारास रडत उठते. "आई, गुडघा दुखतो ग," म्हणते. आई तेल कोमट करून पाय चोळते, मूल हुंदके देत झोपी जाते, आणि सकाळी तेच मूल जिन्यावरून उड्या मारीत उतरते. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. आजी म्हणते, "हाडे वाढताहेत त्याची." वडिलांना ती अभ्यास चुकविण्याची सबब वाटते. आईचे मन मात्र यांपैकी कोणत्याच उत्तराने स्वस्थ होत नाही.

आजीचे म्हणणे बहुधा खरे ठरते, जरी त्यामागची उपपत्ती डळमळीत असली तरी. तीन ते बारा वर्षांच्या पुष्कळ मुलांना असे दुखणे होते. पण उंची झपाट्याने वाढते त्याच काळात ते बळावते असे मात्र आढळलेले नाही. ते दोन्ही पायांत असते; कधी पोटऱ्यांत, कधी मांड्यांत, कधी गुडघ्यांच्या मागे. सायंकाळी किंवा रात्री येते, सकाळी त्याचा मागमूस नसतो. सूज नाही, ताप नाही, लंगडणे नाही. अशा वेळी तेल, शेक आणि आईचा हात एवढे पुरे होते.

परंतु मूल दर वेळी एकाच पायातील एकाच जागी बोट ठेवू लागले, सकाळीही लंगडू लागले, किंवा सांधा सुजला, तर आजीचे उत्तर तेथे संपते. त्यातही एक खूण फार बोलकी आहे. साध्या दुखण्यातले मूल "आणखी चोळ" म्हणते. हाडात किंवा सांध्यात विकार असलेले मूल हात लावू देत नाही. अशा पायाला हाडवैद्याकडून हिसडे देववण्यात मोलाचे दिवस वाया जातात, आणि कित्येकदा इजाही होते.

घसा दुखून गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे धरू लागले, तर तो संधिवाताचा ज्वर असू शकतो. त्यात सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात. पेनिसिलिनने घशातील जंतूंचा वेळीच बंदोबस्त झाला तर हे टळते. मूल फिकट पडले, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग उठले आणि हाडे दुखू लागली, तर रक्त तपासून घेण्यास एक दिवसही लावू नये. रक्ताच्या कर्करोगाच्या नुसत्या नावाने घर हादरते. पण आज योग्य उपचार मिळालेल्या मुलांपैकी बहुसंख्य बरी होतात.

सर्वांत फसवे दुखणे ते, जे गुडघ्यात जाणवते पण असते खुब्यात. दोन्ही सांध्यांच्या संवेदना वाहणारे मज्जातंतू समाईक असल्याने मूल प्रामाणिकपणे गुडघा दाखविते. गुडघ्याचे क्ष-किरण चित्र निर्दोष निघते, मग मुलाला ढोंगी ठरविले जाते. इकडे चार ते आठ वर्षांच्या मुलात खुब्याच्या गोलकाचा रक्तपुरवठा तुटत असतो. बारा-तेरा वर्षांच्या, विशेषतः स्थूल मुलात तो गोलक जागेवरून घसरत असतो. हा दुसरा प्रकार संशयास्पद वाटला तर मुलाला चालूही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

खेळाडू मुलांच्या गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखते, त्याचे वर्णन 1903 साली ऑसगुड आणि श्लॅटर यांनी स्वतंत्रपणे केले. ते विश्रांतीने निवते. मात्र हाडाची गाठही याच वयात आणि गुडघ्याच्याच आसपास अधिक आढळते. तेव्हा "परवा पडला होता" या निमित्तावर दोन आठवड्यांहून अधिक काळ विसंबू नये. निमित्ताशिवाय मुले वाढतात कोठे!

दवाखान्यात गेल्यावर घाईत काहीच आठवत नाही. म्हणून घरच्या दिनदर्शिकेवर त्या-त्या तारखेपुढे उजवा की डावा पाय, रात्री की सकाळी, ताप होता की नव्हता एवढे टिपून ठेवावे. आणि डॉक्टरांनी केवळ गुडघाच पाहिला, तर "खुबाही पाहता का?" असे आईने निःसंकोच विचारावे.