उत्पत्ती, पहिला अध्याय आणि एक मोडलेलं जनुक

आज जरा घरचंच सांगणार आहे.

आमच्याकडे रोज संध्याकाळी पवित्र शास्त्राचं वाचन व्हायचं. सहा दिवसांत सृष्टी, सहाव्या दिवशी माणूस, आणि पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं. हा सहा हजारांचा आकडा शास्त्रात कुठंच दिलेला नाही, हे मला फार उशिरा कळलं. आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी १७व्या शतकात वंशावळींचा हिशेब मांडून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ असा काढला होता. पप्पांकडे अमेरिकेतून आलेल्या पुस्तिका होत्या, त्यांतही तेच. बारावीला उत्क्रांतीचं उत्तर मी पाठ करून लिहिलं. मार्क पूर्ण, विश्वास शून्य.

अडलं ते बी.एस्सी.ला, क जीवनसत्त्वापाशी. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. मांजराला लिंबू लागत नाही, आपल्याला लागतं. ते बनवायला लागणारं एक जनुक आपल्यात आहे, पण मोडलेलं. मी म्हटलं, ठीक आहे, आदामाच्या पापानंतर बिघडलं असेल. पण तेच जनुक चिंपांझीत मोडलेलं, माकडांत मोडलेलं, आणि बिघाडाच्या खुणाही जुळणाऱ्या! गिनीपिगमध्येही ते बंद आहे, पण तिथली मोडतोड वेगळी. परीक्षेत दोन पोरांची उत्तरं बरोबर आली तर सर काही म्हणत नाहीत. चुका सारख्या निघाल्या की मात्र बोलावून घेतात.

पुरावा पटायला महिनाभर लागला असेल. पप्पांना सांगायला चार वर्षं गेली. आम्हाला शिकवलंच होतं, की उत्पत्तीचा पहिला अध्याय सुटला की पुढचं सगळं सुटतं. हे 'सगळं नाहीतर काहीच नाही' मला आजही फार घातक वाटतं. डोबझान्स्कीसारखा उत्क्रांतीचा मोठा अभ्यासक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता, स्वतःला सृष्टिवादीही म्हणवायचा, हे कुणी कानावर घातलंच नाही.

शेवटी एका नाताळात सांगून टाकलं. वाद होणार म्हणून मी पुरी तयारी करून गेलो होतो. पप्पांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि एवढंच विचारलं, "प्रार्थना करतोस ना अजून?"

"करतो."

"बरं. जेवून घे."

त्या पुस्तिका अजून कपाटात आहेत. मी काढल्या नाहीत, त्यांनीही नाही.

पुढच्या भागात लेमूरबद्दल बोलू. ते मात्र क जीवनसत्त्व अजून घरीच बनवतात. भेटू.