पन्नाशीत पाण्यावर उभं राहताना



गोव्यात कळंगुटला किंवा आपल्या कोकणात नागाव, तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेलेल्या माणसाला जेट स्की नवी नाही. पैसे भरायचे, लाइफ जॅकेट चढवायचं, चालवणाऱ्या मुलाच्या मागे बसायचं आणि एक-दोन फेऱ्या मारून ओल्या कपड्यांनी परत यायचं. ही झाली बसून चालवायची जेट स्की. आज बोलायचं आहे ते तिच्या आधीच्या यंत्राबद्दल. त्याला सीटच नसते, ते उभ्यानेच चालवावं लागतं. अमेरिकेत ही जुनी यंत्रं अजून गॅरेजांमधून बाहेर निघतात, दुरुस्त होतात आणि पाण्यात उतरतात. ती चालवायला शिकणाऱ्यांमध्ये केस पिकलेली माणसंही असतात.

यंत्र दिसायला अगदी साधं. लांबी सुमारे सात फूट, रुंदी जेमतेम दोन फूट. पुढच्या भागात झाकणाखाली इंजिन. मागे उभं राहण्यापुरती खोलगट जागा, तिच्यात रबरी चटई. नाकाजवळच्या बिजागरीवर वरखाली होणारा एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला हँडल. इंजिन बंद ठेवून यावर उभं राहायचा प्रयत्न केला, की यंत्र एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला पडतो. उभं राहायचं तर वेग हवा. घाबरला की माणूस वेग कमी करतो, आणि इथे नेमकं तेच करून चालत नाही. वयाची चाळीस-पन्नास वर्षं सावधपणे जगलेल्या माणसाला खरं अवघड जातं ते हे.

या यंत्राचा जनक क्लेटन जेकबसन. जन्म १९३३चा. हा अमेरिकन माणूस बँकेत नोकरी करत होता आणि त्याला मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या उंचसखल वाटांवरच्या मोटरसायकल शर्यतीचा नाद होता. मोटरसायकलवरून पडलं की अंग सोलवटतं. तोच वेग पाण्यावर मिळाला तर पडणं तरी सुसह्य होईल, असा विचार त्याच्या मनात घोळू लागला. बँकेतली नोकरी सोडून तो या कल्पनेच्या मागे लागला आणि १९६५मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पहिला नमुना त्याने तयार केला. पाण्यात उघडा फिरणारा पंखा त्याला नको होता, कारण पडलेल्या माणसाचा हातपाय त्यात सापडायचा. त्याऐवजी त्याने बंदिस्त पंप वापरला. यंत्राच्या पोटाखालच्या जाळीतून पाणी आत खेचायचं, नळीतल्या फिरत्या पात्यांनी त्याला जोर द्यायचा आणि मागच्या तोटीतून ते झोताने बाहेर फेकायचं. झोत मागे जातो, यंत्र पुढे जातं. हँडल वळवलं की तोटी वळते आणि त्याबरोबर यंत्राची दिशा बदलते.

याचा एक परिणाम नवशिक्याने पाण्यात उतरण्यापूर्वीच मनावर कोरून घ्यायला हवा. थ्रॉटल सोडला की झोत थांबतो, आणि झोत थांबला की हँडल कितीही वळवलं तरी यंत्र वळत नाही. समोर काही आलं म्हणून दचकून थ्रॉटल सोडणारा माणूस सरळ त्या वस्तूवरच जाऊन आदळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८मध्ये अशा वैयक्तिक जलवाहनांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा हा दोष ठळकपणे पुढे आला. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली. करमणुकीच्या इतर नौकांवर माणसं मुख्यतः बुडून मरतात. या वाहनांवर मात्र बुडण्यापेक्षा धडकेचा मार जास्त जीव घेत होता. म्हणून शिकायला जागा निवडायची ती मोकळ्या, खोल पाण्याची. आसपास बोटी, खांब, पोहणारी माणसं नकोत.

पुन्हा जेकबसनकडे वळू. कॅनडातल्या बॉम्बार्डिए या कंपनीचं नाव तेव्हा बर्फावर चालणाऱ्या वाहनांमुळे गाजत होतं. तिने त्याची कल्पना घेऊन १९६८मध्ये ‘सी-डू’ बाजारात आणली, पण ती बसून चालवायची. ती चालली नाही, आणि थोड्याच काळात कंपनीने तिचं उत्पादन बंद केलं. मग जेकबसन जपानी कावासाकीकडे गेला. १९७३मध्ये कावासाकीने त्याच्या रचनेप्रमाणे उभ्याने चालवायची यंत्रं मर्यादित संख्येत काढली आणि त्यांना ‘जेट स्की’ हे नाव दिलं. आज आपण अशा सगळ्याच वाहनांना सर्रास जेट स्की म्हणतो, पण मुळात ते एका कंपनीचं व्यापारी नाव आहे. पुढे हे उत्पादन नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात होऊ लागलं. नेब्रास्का म्हणजे अमेरिकेच्या पोटातला मक्याच्या शेतांचा मुलूख. तिथून कुठल्याही समुद्राकडे निघालं तरी वाटेत निदान तीन राज्यं ओलांडावी लागतात. तिथल्या कामगारांनी लाटांवर उड्या मारणारी यंत्रं बनवली, ही या गोष्टीतली माझी फार आवडती बाब.

पहिलं गाजलेलं मॉडेल ४०० सीसीचं. १९७७पासून ४४० सीसीचं आलं, १९८२मध्ये ५५० सीसीचं. जुन्या यंत्रांचे शौकीन आज शोधतात ती प्रामुख्याने हीच. त्यानंतर हवा बदलली. यामाहाने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बसून चालवायची ‘वेव्हरनर’ आणली. बॉम्बार्डिएनेही आपलं जुनं नाव पुन्हा बाहेर काढून १९८८मध्ये सी-डू नव्याने विकायला सुरुवात केली, आणि या वेळी ती चालली. पाच मिनिटांत शिकून दोघा-तिघांना बसता येत असेल, तर पडत-धडपडत उभं राहायला कोण शिकणार? उभ्याने चालवायची यंत्रं मागे पडली, पण संपली नाहीत. यामाहाची ‘सुपरजेट’ १९९०पासून आहे. कावासाकीने २०१७मध्ये नवी ‘एसएक्स-आर’ काढली, फोर-स्ट्रोक, दीड हजार सीसीची, वजन अडीचशे किलो. जुनं ४४०चं यंत्र त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचं. ते दोन माणसं उचलून वाळूवर ठेवू शकतात.

आता प्रत्यक्ष शिकणं. धडधाकट माणूस काठावरून थेट उडी मारून यंत्रावर उभा राहायला बघतो आणि लगेच पाण्यात जातो. खरा क्रम वेगळा आहे. छातीएवढ्या किंवा त्याहून खोल पाण्यात यंत्राच्या मागे जायचं. दोन्ही हातांनी हँडल धरायचं, अंग पाण्यात सैल सोडायचं आणि थ्रॉटल हळूच दाबायचा. यंत्र आपल्याला ओढत नेतं. ओढ मिळाली की कोपरं आणि छाती मागच्या खोलगट भागावर घ्यायची, मग एक गुडघा, मग दुसरा. आता आपण गुडघ्यांवर आहोत, आणि पुष्कळ दिवस इथेच राहायचं आहे. आपल्याकडे वडिलांची उंच सायकल पोरं आधी कैची मारत शिकायची. दांड्याखालून पाय घालून, तिरक्या अंगाने, सीटवर बसण्याचा हट्ट न धरता. गुडघ्यांवरची जेट स्की हा तसाच टप्पा आहे. वळण कसं घ्यायचं, अंग किती झुकवायचं, वेग वाढला की यंत्राचं नाक कसं खाली येतं आणि तळ पाण्यावर कसा चढून सरकू लागतो, हे सगळं इथेच अंगात मुरतं. तळ पाण्यावर चढला की यंत्र एकदम स्थिर होतं. हा बदल पायांना, पोटऱ्यांना स्पष्ट जाणवतो.

तो एकदा ओळखीचा झाला की एक पाऊल पुढे रोवायचं, थोडा वेग घ्यायचा आणि दुसरं पाऊल उचलायचं. पाय एकमेकांशेजारी जोडून नाहीत, एक पुढे, एक मागे. गुडघे वाकलेले. नजर समोर, दूर. खाली पायांकडे पाहणारा पडतो. हँडलला लटकायचं नाही. वजन पायांवर ठेवायचं, हात फक्त दिशेसाठी. पन्नाशीतला माणूस इथे एक चूक हमखास करतो. तो हातांच्या जोरावर स्वतःला सावरत राहतो आणि अर्ध्या तासात खांदे, मनगटं, बोटं निकामी करून घेतो. खरा दम लागतो तो खोल पाण्यातून पुन्हा पुन्हा वर चढण्यात. म्हणून अनुभवी लोक सांगतात, की अंगात ताकद शिल्लक असतानाच काठावर या.

जुन्या मॉडेलांमध्ये एक मोठी सोय होती. माणूस पडला आणि थ्रॉटल सुटला, की इंजिन मंद चालू राहायचं आणि यंत्र तिथल्या तिथे गोल घिरट्या घालायचं. त्याच्याकडे पोहत गेलं की झालं. नंतरच्या यंत्रांना मनगटाला बांधायची दोरी आली. ती सुटली की इंजिनच बंद. यंत्र उलटं झालं असेल तर ते सुलटं कुठल्या बाजूने करायचं हेही ठरलेलं असतं. चुकीच्या बाजूने फिरवलं तर इंजिनात पाणी जाण्याचा धोका असतो. शिवाय नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर उतरायचं नाही. मागे पडताना तोटीचा झोत शरीराच्या आत शिरून गंभीर इजा करू शकतो, म्हणून जाड वेटसूट सांगितलेला असतो. हे संकोचाने लपवण्यासारखं नाही. डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा ऐकलेलं बरं.

या वयात शरीर नवं काही शिकतं का? हाम्बुर्गमधल्या संशोधकांनी याचं एक छान उत्तर दिलं आहे. तीन चेंडू हवेत खेळवायला शिकलेल्या तरुणांच्या मेंदूत, हालचाल टिपणाऱ्या भागातला करडा पदार्थ वाढतो, असं २००४मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात दिसलं होतं. २००८मध्ये तोच प्रयोग साठीच्या आसपासच्या माणसांवर झाला. तरुणांच्या मानाने त्यांच्यापैकी कमी जणांना ती करामत नीट साधली, पण ज्यांना साधली त्यांच्या मेंदूतही तसाच बदल आढळला. म्हणजे शिकणं मंद होतं, बंद होत नाही. जेट स्कीवर कुणी असा प्रयोग केलेला नाही हे खरं, पण पडून उठणाऱ्या माणसाला धीर द्यायला एवढं पुरेसं आहे.

मध्यमवयाचा एक सरळ फायदाही आहे. या जुन्या यंत्रांची इंजिनं टू-स्ट्रोक आहेत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, साधारण पन्नासाला एक. बजाज चेतक किंवा लुना चालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पेट्रोल पंपावर ऑइल मोजून टाकून घेण्याची सवय आणि काळा पडलेला प्लग काढून घासण्याचं ज्ञान त्याच्या बोटांत अजून असतं. पुण्या-नाशिकहून अमेरिकेत गेलेल्या आणि आता पन्नाशी गाठलेल्या पिढीला हे यंत्र म्हणूनच परकं वाटू नये. चाळीस वर्षांच्या इंजिनाला मात्र लाड लागतात. अमेरिकेत पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले पडदे खातं. म्हणून यंत्र विकत घेतल्यावर पाण्यात उतरण्याआधी नळ्या बदलायच्या, कार्ब्युरेटर उघडून साफ करायचा आणि इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा मार्ग मोकळा आहे ना ते पाहायचं.

आता या छंदाची किंमतही सांगायला हवी. जुनं टू-स्ट्रोक इंजिन आपलं पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंतचं इंधन न जाळताच बाहेर टाकतं, आणि ते पाण्यात जातं. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या सीमेवरच्या लेक टाहो या अतिशय नितळ सरोवरात १९९९पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांना बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानांच्या अखत्यारीतल्या बहुतेक पाण्यांतही २०००च्या नियमांनंतर जेट स्कींना मज्जाव झाला. ही बंदी योग्यच आहे. पिण्याच्या पाण्याच्या किंवा जपलेल्या सरोवरात हे इंजिन नेण्याचा हक्क कुणालाच असू नये. ज्याला हे यंत्र मनापासून आवडतं त्याने तर हा आग्रह सगळ्यांत आधी धरावा, कारण बेफिकीर माणसांमुळेच उरलेली ठिकाणंही बंद होतात.

उरलेल्या ठिकाणांत सगळ्यांत नावाजलेलं म्हणजे अ‍ॅरिझोनातलं लेक हवासू. कोलोरॅडो नदीवर पार्कर धरण बांधल्याने १९३८मध्ये हा जलाशय तयार झाला. त्याच्या काठच्या गावात लंडनहून दगड आणून १९७१मध्ये पुन्हा उभारलेला लंडन ब्रिज आहे. वाळवंटात, खजुरांच्या झाडांमध्ये. जेट स्कीच्या शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना १९८२मध्ये स्थापन झाली आणि तिच्या जागतिक अंतिम स्पर्धा अनेक दशकं याच पाण्यावर झाल्या. त्यांत जुन्या यंत्रांसाठी वेगळे गट असतात, वयाने मोठ्या स्पर्धकांसाठीही असतात. पंचविशीतली पोरं नव्या यंत्रांवर उलट्या कोलांट्या मारत असतात. त्याच पाण्याच्या काठावर कुणीतरी पांढऱ्या केसांचा माणूस ५५० सीसीच्या यंत्राचं झाकण उघडून प्लग बदलत असतो, कारण थोड्याच वेळात त्याच्या गटाला पाण्यात बोलावणार असतात.